वास नाही, पण धूळ आहे!

वाळूज एमआयडीसीत आपल्या वस्तीतील मुले पावडर कोटिंगच्या कामाला जातात. परवा आम्ही तिथल्या एका लहान शेडवर गेलो. मोटारसायकलच्या फ्रेमचे तेल, गंज काढून ती फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात. (खरी मेहनत इथेच; इथे चुकारपणा केला की रंगाचे पापुद्रे निघालेच.) मग अर्थिंग दिलेल्या फ्रेमवर गनने विद्युतभारित पावडर मारतात. भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर १०-२० मिनिटांत ती वितळून कडक होते.

थिनरचा वास नाही, म्हणून मुले नाकाला नुसता रुमाल बांधतात! धूळ छातीत जातेच. काही पावडरींनी दमाही जडतो. आम्ही मालकाकडे फिल्टरचे मास्क आणि धूळ ओढणारा पंखा मागितला. मास्क आले. पंख्याचे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले. तारीख आम्ही वहीत लिहून ठेवली आहे.