हालाचं मरण आणि पापाचा हिशेब

गारगोटीत कुणाला कॅन्सर निघाला किंवा किडन्या निकामी झाल्या, की पुढची वाट ठरलेली. आधी इथलं ग्रामीण रुग्णालय, मग पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूर, तिथं सीपीआर हे सरकारी रुग्णालय नाहीतर एखादं खासगी हॉस्पिटल. आणि उपाय थकले की परत घर. शेवटचे दिवस घरातच जातात. मुसलमानाच्या घरी अशी मय्यत झाली की गल्लीतले हिंदूही दारात येऊन बसतात. उठून जाताना दोघांच्याही तोंडी एकच प्रश्न असतो: माणूस चांगला होता, मग एवढे हाल का झाले? त्याच्या पुढचं वाक्य दबक्या आवाजात येतं. काहीतरी केलेलं असणार. एकजण त्याला भोग म्हणतो, दुसरा गुनाहची सजा.

हे दबक्या आवाजातलं वाक्य घरातल्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. ज्या मुलीनं सहा महिने आईची उशी बदलली, तिला आई गेल्याच्या दु:खावर आणखी एक ओझं मिळतं. म्हणून इस्लाम याबद्दल नेमकं काय म्हणतो, हे नीट सांगायला हवं.

गैरसमज : ज्याचं मरण यातनेचं, त्याच्यावर अल्लाहचा कोप

हा समज आभाळातून पडलेला नाही. माणसावर येणारं संकट त्याच्या हातच्या कमाईचं फळ असतं आणि अल्लाह बरंच काही माफही करतो, अशा अर्थाची आयत कुराणाच्या बेचाळिसाव्या सूरेत आहे. एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत, असंही येतं की श्रद्धावंताचा प्राण पखालीतून थेंब ओघळावा तसा सहज निघतो आणि नाकारणाऱ्याचा ओढून काढावा लागतो. ऐकणाऱ्यानं या दोन गोष्टी जोडल्या आणि निष्कर्ष काढला: तडफडला, म्हणजे पापी.

पण हदीसच्या जाणकारांनी हा निष्कर्ष काढलेला नाही. प्राण निघण्याचं ते वर्णन अदृश्य जगाचं आहे. श्वास लागणं, अंगाची आग होणं, कळा येणं हा देहाचा भाग. आणि त्या आयतीनं एका विशिष्ट माणसाच्या खाटेपाशी उभं राहून त्याच्या पापाचा हिशेब मांडायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

सगळ्यात ठाम पुरावा खुद्द पैगंबरांच्या मरणाचा आहे. इ.स. ६३२ मध्ये मदीनेत, पत्नी हजरत आयेशा यांच्या खोलीत, त्यांचे शेवटचे दिवस गेले. डोकेदुखी आणि ताप इतका, की शुद्ध हरपायची. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं. ते त्यात हात बुडवून चेहऱ्यावरून फिरवत आणि मरणाला यातना असतातच, असं बोलत. आयेशांनी पुढे सांगून ठेवलं, की त्यांचं ते कठीण मरण पाहिल्यापासून कुणाला सोपं मरण आलं म्हणून मला त्याचा हेवा वाटला नाही. हे ‘बुखारी’ आणि ‘तिरमिझी’ या हदीससंग्रहांत आहे. यातना हीच शिक्षेची खूण मानली, तर पैगंबरांच्या मरणाबद्दल काय बोलायचं?

सर्वात कठीण कसोटी कुणाची, असं साद बिन अबी वक्कास यांनी त्यांना विचारलं होतं. उत्तर मिळालं: पैगंबरांची, मग जे त्यांच्या जितके जवळ त्यांची. आजारपणच काय, पायात काटा रुतला तरी त्यानं श्रद्धावंताचे दोष झडतात, हीदेखील हदीसच आहे. म्हणजे दुखण्याचा पापाशी संबंध जोडलाच, तर तो ओझं हलकं होण्याचा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला तर यासाठी ग्रंथ उघडायचीही गरज नाही. मोहरममध्ये इथल्या कितीतरी गावांत पीर बसतात, पंजांपुढे हिंदू घरांतूनही नैवेद्य येतो, चोंगे होतात, सरबत वाटलं जातं. ते सरबत तहानेच्या आठवणीचं आहे. हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, १० ऑक्टोबर ६८० रोजी, पैगंबरांचे नातू हुसैन करबलाच्या मैदानात मारले गेले. फुरात नदी जवळ असून त्यांच्या तंबूंचं पाणी तोडलेलं होतं. सोबत्यांचा परंपरागत आकडा ७२. त्यांत तान्हं मूलही होतं. पंजाला हात जोडणारा माणूस त्या मरणाला पापाचं फळ म्हणेल का? मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुसरा न्याय का?

गैरसमज : रडलं, कण्हलं, तर ईमान कमी पडलं

‘सब्र करो’ हे वाक्य कधीकधी इतक्या जोरात बोललं जातं की रडणाऱ्याला तोंड लपवावं लागतं. वास्तविक पैगंबर स्वत: रडले. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम मांडीवर प्राण सोडत असताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सोबतच्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना नवल वाटलं, तेव्हा ते म्हणाले की ही तर दया आहे. डोळे भरतात, मन दु:खी होतं, तोंडातून मात्र रबला न आवडणारं काही काढायचं नाही. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. अभ्यासक त्याची तारीख २७ जानेवारी ६३२ धरतात. लोक म्हणू लागले, इब्राहीम गेला म्हणून सूर्य काळवंडला. पुत्रशोकातही पैगंबरांनी ते तिथंच खोडून काढलं: कुणाच्या जन्ममरणानं चंद्रसूर्याला ग्रहण लागत नाही.

मनाई आहे ती ऊर बडवून, कपडे फाडून, ठरवून केलेल्या आक्रोशाची. सुन्नी परंपरा याबाबत कडक आहे. शिया परंपरेत हुसैन यांच्यासाठीचा मातम हा वेगळा आणि जुना विषय आहे.

कुराणात तर वेदनेचा उच्चारही आहे. हजरत अय्यूब आपल्याला पीडेनं गाठलंय हे अल्लाहला उघड सांगतात. पुत्रवियोगानं हजरत याकूब यांचे डोळे पांढरे पडतात. खजुराच्या बुंध्याशी प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या हजरत मरियम याआधीच मेले असते तर बरं, असं म्हणतात, आणि कुराण त्यांना त्यासाठी रागवत नाही. झऱ्याचं पाणी आणि ताजा खजूर समोर ठेवतं. कुराण मराठीत यावं, ही धडपड इथं जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून पैसाही दिला. मरियमची ही गोष्ट कळत्या भाषेत घराघरांत वाचली गेली, तर ‘सब्र’चा अर्थ लावायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.

गैरसमज : तकदीरमध्ये आहे, मग औषध कशाला

इलाज करा, अल्लाहनं म्हातारपण सोडून औषधाविना आजार ठेवलेला नाही, अशी पैगंबरांची शिकवण ‘अबू दाऊद’ आणि ‘तिरमिझी’त नोंदलेली आहे. साथ असलेल्या गावात जायचं नाही आणि तिथून बाहेर पडायचं नाही, ही शिकवणही त्यांचीच. इ.स. ६३९ च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात, प्लेग पसरला तेव्हा खलिफा उमर वाटेतूनच मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असं सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं. उमर म्हणाले, एका तकदीरकडून दुसरीकडे जातोय. मग त्यांनी विचारलं, खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट चारायला कुठं नेशील? हिरव्या बाजूला नेलास काय, ओसाड बाजूला नेलास काय, तकदीर तीच. अबू उबैदा आपल्या लोकांत राहिले आणि त्याच साथीत गेले. मुसलमान दोघांनाही मान देतात.

वेदनाशामकांबद्दल घराघरांत घुटमळ असते. मॉर्फिन म्हणजे नशा, नशा म्हणजे हराम, अशी साखळी लावून रुग्णाला कळा सोसायला लावलं जातं. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियम वेगळा आहे. खरी गरज असेल आणि डॉक्टरनं ठरवलेल्या मात्रेत असेल, तर असं औषध चालतं, यावर बहुतेक उलेमांचं एकमत आहे. कायद्याची अडचणही कमी झाली आहे: २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. आपल्या राज्यात मुंबईच्या वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. मरणपंथाला लागलेल्या कॅन्सररुग्णांसाठीचं ते देशातलं पहिलं केंद्र. कळा सोसल्यानं पुण्य वाढतं म्हणून औषध नाकारायला धर्मानं सांगितलेलं नाही.

मरण मागणं मात्र मना आहे, आणि तिथं एक माणूस जवळून पाहण्यासारखा आहे. खब्बाब बिन अरत्त मक्केतले लोहार, गुलाम. इस्लाम स्वीकारला म्हणून त्यांना निखाऱ्यांवर झोपवलं गेलं होतं. म्हातारपणी दुखण्यावर त्या काळचा उपाय म्हणून पोटावर सात ठिकाणी डागण्या दिल्या होत्या. भेटायला आलेल्यांना ते म्हणाले, पैगंबरांनी मनाई केली नसती तर मी मरण मागितलं असतं. इतकं सोसलेला माणूस हे मोकळेपणानं बोलला आणि ‘बुखारी’नं ते जपून ठेवलं. अगदीच असह्य झालं तर कोणती दुवा करावी, हेही सांगितलेलं आहे: जगण्यात भलं असेल तोवर जगव, मरण्यात भलं असेल तेव्हा ने. इंजेक्शन देऊन जीव घेणं इस्लामला मान्य नाही. उपयोग नसताना यंत्राच्या आधारानं जीव आणखी ताणायचा नाही, याला अनेक फिकहतज्ज्ञांनी संमती दिली आहे. अरुणा शानबाग खटल्यात २०११ मध्ये आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही साधारण हीच रेघ ओढली.

गैरसमज : शहीद फक्त लढाईतला

प्लेगनं, पोटाच्या विकारानं, बुडून किंवा ढिगाऱ्याखाली मेलेले हेही शहीद, अशी हदीस आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये जळून गेलेला आणि बाळंतपणात गेलेली स्त्रीही येते. रणांगणातल्या शहिदाला गुसल (अंत्यस्नान) देत नाहीत. यांना गुसल, कफन, जनाजा सगळं रीतसर असतं. दर्जा मात्र शहिदाचा. म्हणजे आपण ज्यांना वाईट मरण म्हणतो, त्यातली बहुतेक या यादीत आहेत.

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. गेलेल्यांच्या नातेवाइकांना त्या हदीसचा आधार मोठा होता. पण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून दोषी सुटतो, हा याच्याच पोटातला आणखी एक गैरसमज. चुकून झालेल्या मृत्यूसाठीही वारसांना भरपाई द्यायला कुराणाच्या चौथ्या सूरेत फर्मावलं आहे. महाडमध्ये बिल्डर, आर्किटेक्ट आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला, तो धर्माच्या विरोधात नव्हता.

गैरसमज : कलमा ओठांवर आला नाही, गुसल झाला नाही, तर सगळं वाया

मरणाऱ्याजवळ हळू आवाजात कलमा म्हणावा, त्याच्यावर जबरदस्ती करू नये, एकदा त्यानं म्हटला की पुन्हापुन्हा म्हणायला लावू नये, हा साधा अदब आहे. आपल्या देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी, कोकणातले बरेचसे शाफई. हनफी फिकहमध्ये तर मरणकळेत, शुद्ध नसताना तोंडून भलतंच काही गेलं तरी ते धरू नये, असं लिहून ठेवलं आहे. मग व्हेंटिलेटरची नळी घशात असलेल्या माणसाचं काय सांगायचं?

कोरोनात हा प्रश्न फार जणांना छळून गेला. अनेक मृतदेह प्लास्टिकच्या पिशवीतच दफन करावे लागले. गुसल आणि नमाज ही जिवंतांवरची जबाबदारी आहे. ती पार पाडणं शक्य नसेल तर बोजा मृतावर पडत नाही. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी महापालिकेनं सर्वांचं दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी मागे घेतलं. वांद्र्याच्या कबरस्तानात कोरोनाच्या मृतांना दफन करण्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं २२ मे २०२० रोजी फेटाळली. दफनानं संसर्ग पसरतो याला आधार नाही आणि सन्मानानं अंत्यसंस्कार हा माणसाचा हक्क आहे, असं बजावलं. त्या दिवसांत कोल्हापुरात बैतुलमाल कमिटीच्या कार्यकर्त्यांनी कोरोनानं गेलेल्यांचे अंत्यसंस्कार जातधर्म न बघता पार पाडले.

आणि एक : इस्लामकडे या ‘का’चं एकच उत्तर आहे

तसं नाही. निष्पाप मुलाला दु:ख का, यावर हजार वर्षं वाद झाला. मुतझिला पंथाचे म्हणत, अल्लाह न्यायी आहे, म्हणून मुलांना आणि मुक्या जनावरांनाही भरपाई मिळणारच. अबुल हसन अशअरी यांची एक गोष्ट सांगतात. त्यांनी आपले गुरू जुब्बाई यांना तीन भावांबद्दल विचारलं: एक नेक, एक पापी, एक लहानपणीच गेलेला. लहानग्याला लवकर का नेलं? मोठा होऊन पापी होणार होता म्हणून, असं गुरू म्हणाले. मग पापी भाऊ विचारेल, मलाही लहानपणीच का नाही नेलं? गुरूंकडे उत्तर नव्हतं. अशअरी त्या पंथातून बाहेर पडले आणि त्यांनी मांडलं की अल्लाहच्या करण्याला माणसाच्या गणितात बसवता येत नाही. एवढ्या मोठ्या विद्वानांना जे उत्तर सापडलं नाही, ते मय्यतीच्या दारात बसून अर्ध्या मिनिटात देणारा माणूस धर्म सांगत नसतो.

तेव्हा अशा घरी जाल तेव्हा मयताचा चेहरा कसा होता, शेवटी किती हाल झाले, हे विचारू नका. दुवा करा, त्या दिवशीचा डबा पाठवा, आणि दुसऱ्या कुणाच्या घरी आज कुणी कळा सोसत असेल, तर त्याला वेदनाशामक देणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचवा.