हेराल्डची मागची चाकं तिरकी का?

परवा बंगळुरूत जयनगरच्या पेट्रोल पंपावर एका काकांनी विचारलं, "अहो, मागचा अ‍ॅक्सल वाकलाय का?"

नाही हो! ही मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. डिझाइन इटलीच्या मिकेलॉटींचं. मागे एकच आडवी पाटा-स्प्रिंग आणि स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन अर्धे अ‍ॅक्सल डिफरन्शियलपाशी वरखाली हलतात. स्प्रिंग थकली की चाकं खालून फाकतात.

खरा धोका उलटा. वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीची पाठ उचलते आणि बाहेरचं चाक आत दुमडतं. नंदी हिल्सला मी वळणाआधीच वेग कमी करतो. हेराल्डनंतरच्या १९७२च्या गॅझेलला कंपनीने सलग अ‍ॅक्सल दिला, तो उगाच नाही.

पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नको, ईपी ९० गिअर ऑइलच! मेकॅनिक सवयीने ग्रीस मारतात. आतला सांधा कोरडा पडून गंजतो आणि एक दिवस चाकासकट तुटतो.

गळती? बॉडी बोल्टने जोडलेल्या तुकड्यांची, त्यामुळे पाऊस आत येणारच. जुनी रबरं बदला, जे. सी. रोडवर मापाची पट्टी शोधा. तेलाचे थेंब मात्र व्हॉल्व्ह कव्हरच्या कॉर्क गॅस्केटपासून तपासायला घ्या. बोल्ट जास्त आवळले की कॉर्क चिरडतं आणि गळती वाढते.

कुणाकडे हेराल्ड उभी आहे? काय अडलंय, विचारा.