तळघरातली वही आणि पिंपरीची माती

२३ ऑगस्ट १९४३ रोजी, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी महाविद्यालयात तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या प्रयोगवहीत ‘प्रयोग ११’ असा मथळा घातला. विषय होता, शेजारच्या जंतूंना वाढू न देणारे मातीतले ॲक्टिनोमायसीट. माती आणली होती भरपूर खत मुरलेल्या शेतातून. या प्रयोगातून स्ट्रेप्टोमायसिन हाती आलं. पेनिसिलिन ज्याच्यापुढे हात टेकत होतं त्या क्षयावरचं हे पहिलं खरं औषध. वही मात्र पुढची कित्येक दशकं विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिली. आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आजही ‘स्ट्रेप्टोमायसिन : वाक्समन’ एवढीच जोडी छापली जाते. वही लिहिणारा, वाक्समन यांचा विद्यार्थी अल्बर्ट शात्झ तिच्यात नसतो.

या माणसानं मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. त्याच्यावरच्या अन्यायामुळे तर आहेच, पण त्याच्या निमित्तानं मातीकडे पाहायची एक वाट सापडली म्हणूनही. गांडूळ आणि कंपोस्ट यांबद्दल दिवाळी अंकाच्या वाचकाला मी वेगळं सांगायला नको. मला सांगायचं आहे ते त्यांच्याही खालच्या वस्तीबद्दल.

उकिरडा उकरला की आतल्या गरम थरात राखेसारखी पांढरट भुकटी दिसते. शेतकऱ्याला ती नेहमीची. ते ॲक्टिनोमायसीट. जात जिवाणूंची, पण वाढण्याची रीत बुरशीची, बारीक तंतूंचं जाळं विणत जाण्याची. त्यामुळे शास्त्रज्ञ बराच काळ त्यांना बुरशीच समजत होते. त्यांच्यातलं सगळ्यात मोठं घराणं स्ट्रेप्टोमायसिस. हे नाव वाक्समन आणि हेन्रिसी यांनी दिलं, तेही १९४३ सालीच. या घराण्यातल्या एका प्रजातीचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचून झाला, तेव्हा त्यात ७,८२५ जनुकं निघाली. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूत साधारण ४,३०० असतात. आतड्यात अन्न आयतं येतं. मातीत आज ओल, उद्या कोरड, कधी एखादं कुजकं पान, तर कधी महिनोन्‌महिने काहीच नाही. अशा घरात राहायचं तर हुन्नर अंगी हवेत, आणि ॲन्टिबायोटिक हा त्यांतला एक.

अन्न संपलं की हे तंतू स्वतःचाच काही भाग विरघळवतात आणि त्या शिदोरीवर बीजाणू तयार करतात. बहुतेक ॲन्टिबायोटिकं याच सुमारास पाझरतात. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेडावतो, त्यातला मुख्य पदार्थही हेच जीव बनवतात. त्याचं नाव जिओस्मिन. नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी तो १९६५ साली वेगळा काढला, आणि तोही रटगर्समध्येच. हा वास जिवाणूनं कशासाठी करावा, याचं एक सुंदर उत्तर २०२० साली मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे पंख नसलेले, जेमतेम दिसतील एवढे सहापायी जीव राहतात. ते या वासाकडे ओढले जातात, तंतू खातात, आणि बीजाणू अंगाला चिकटवून किंवा विष्ठेतून पुढे पसरवतात. एरवी स्ट्रेप्टोमायसिसचं विष इतर किड्यांना बाधतं. स्प्रिंगटेल मात्र ते पचवतात. मुळांशीही या वस्तीची देवाणघेवाण चालते. मुळांनी पाझरलेल्या साखरेवर काही स्ट्रेप्टोमायसिस जगतात आणि त्या मुळांना रोगट बुरशीपासून राखतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रजातींपैकी सुमारे ५९ टक्के मातीत राहतात, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आकड्यात बरीच अनिश्चितता आहे, हे तो मांडणाऱ्यांनीच सांगितलं आहे. तरी निम्म्याहून अधिक जीवसृष्टी आपल्या पायांखाली आहे, ही गोष्ट मला कुठल्याही अंतराळमोहिमेपेक्षा मोठी वाटते.

आता तळघराकडे येऊ.

सेल्मन वाक्समन हे युक्रेनमधून आलेले मृदाजीवशास्त्रज्ञ. त्यांचा मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचा जाडजूड ग्रंथ १९२७ सालचा. मातीतले हजारो जीव एकेक करून रोगजंतूंसमोर ठेवायचे आणि कोण कुणाला अडवतो ते पाहायचं, ही पद्धतशीर शोधमोहीम त्यांनी १९३९च्या सुमारास सुरू केली. हे श्रेय त्यांचंच, आणि ते काढून घ्यायचं काही कारण नाही.

शात्झ शेतावर वाढलेला. त्यानं पदवीही मृदाविज्ञानातच घेतली होती. महायुद्धात सैन्याच्या हवाई दलाच्या रुग्णालयात काम करताना पेनिसिलिनलाही न जुमानणाऱ्या जंतूंनी माणसं मरताना त्यानं पाहिली. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३मध्ये सैन्यातून सुटका झाली आणि तो महिना ४० डॉलरवर वाक्समन यांच्याकडे परतला. क्षयाच्या जिवंत जंतूंवर काम करायचं म्हटल्यावर त्याची रवानगी तळघरात झाली. वाक्समन तिथे कधी उतरले नाहीत, असं शात्झ पुढे सांगत असे. अर्क काढण्याची भांडी रात्रभर चालू असत. तो तिथेच झोपे. भांड्यावर तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलेली असे, आणि द्रव त्या रेघेखाली गेला की रात्रीच्या पहारेकऱ्यानं त्याला उठवायचं, असं ठरलेलं होतं.

१९ ऑक्टोबर १९४३ला दुपारी नवं ॲन्टिबायोटिक हाती आल्याची त्याची खात्री झाली. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या प्रजातीचे दोन वाण त्याच्याकडे होते. एक त्या खतावलेल्या मातीतला. दुसरा एका कोंबडीच्या घशातल्या नमुन्यातला. हा दुसरा वाण डोरिस जोन्स या सहकारी विद्यार्थिनीनं त्याला दिला होता. एका परीक्षानळीत वाण घालून, तिचं तोंड बंद करून त्यानं ती आईला भेट दिली. ती नळी आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जानेवारी १९४४मध्ये शोधनिबंध आला. नावांचा क्रम होता शात्झ, ब्युगी, वाक्समन. १९४५ साली पेटंटचा अर्ज करताना शात्झ आणि वाक्समन या दोघांनी आपण सहसंशोधक असल्याचं शपथेवर लिहून दिलं. प्रयोगांत बरोबरीनं राबलेल्या एलिझाबेथ ब्युगीचं नाव त्या अर्जातून गळालं होतं, आणि तिच्या बाजूनं कुणी भांडलंही नाही. लंडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं १०७ क्षयरोग्यांवर चाचणी घेतली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी चार दगावले आणि नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी चौदा. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात तेव्हा हवा, दूध आणि विश्रांती हाच मुख्य इलाज असे. हा आकडा वाचताना मला तिथले व्हरांडे आठवतात.

भांडण पैशावरून फुटलं. आपले हक्क शात्झनं विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाला नाममात्र एका डॉलरला लिहून दिले होते. औषध स्वस्त राहावं यासाठी दोघंही काही घेणार नाहीत, अशी त्याची समजूत होती. मधूनमधून वाक्समन त्याला पाचशे डॉलरचे धनादेश पाठवू लागले, तेव्हा त्याला संशय आला. वाक्समन यांचा प्रतिष्ठानाशी स्वामित्वधनाचा करार होता आणि तोवर त्यांना सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले होते. मार्च १९५०मध्ये शात्झ न्यायालयात गेला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. त्यात तो कायद्यानं सहसंशोधक ठरला आणि त्याला तीन टक्के वाटा मिळाला. वाक्समन यांना दहा टक्के.

शास्त्रज्ञांच्या जगानं त्याला माफ केलं नाही. गुरूवर दावा लावणारा विद्यार्थी म्हणून नामांकित संस्थांची दारं बंद झाली आणि तो पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान शेतकी महाविद्यालयात शिकवू लागला. १९५२ सालचं नोबेल एकट्या वाक्समन यांना जाहीर झालं. महाविद्यालयानं दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. याच पुरस्कारसमितीनं १९४५ साली पेनिसिलिनसाठी तिघांना मिळून पुरस्कार दिला होता. सात वर्षांनी तिला दुसऱ्या नावाला जागा सापडली नाही. पद्धत वाक्समन यांची होती, शोध शात्झचा होता, आणि पुरस्कार दोघांचा असायला हवा होता. यावर माझ्या मनात शंका उरलेली नाही.

शंका न उरण्याचं कारण ती वही. वाक्समन यांनी रूढ केलेल्या हकिकतीत कोंबडीला मोठं स्थान मिळालं. तिच्यात नमुना वरून, त्यांच्या हातून शात्झकडे येतो. वर्तमानपत्रांना ती आवडली. त्या हकिकतीत शेतातली माती मागे पडते आणि ती खणून आणणारा हातही. १९९०च्या सुमारास शेफील्ड विद्यापीठाच्या मिल्टन वेनराइट यांनी रटगर्सच्या कागदपत्रांत शिरून शात्झची बाजू बाहेर आणली. पुढे पत्रकार पीटर प्रिंगल यांनी वह्या पानापानानं तपासून २०१२ साली पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘एक्सपेरिमेंट इलेव्हन’ असंच नाव दिलं. वहीत मातीतला वाण आहे, तारीख आहे, शात्झचं अक्षर आहे. त्याआधी १९९४ साली रटगर्सनं शात्झला आपलं पदक दिलं होतं. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. २००५ साली तो गेला.

दरम्यान जगभर मातीची झुंबड उडाली. ऑरिओमायसिन मिसुरी विद्यापीठाच्या एका जुन्या प्रयोगशेतातून आलं. ज्या लेडर्ले कंपनीत ते निघालं तिचं संशोधन आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून आलं. माती पाठवणारे डॉ. अबेलार्दो अगिलार यांना त्याचं स्वामित्वधन कधीच मिळालं नाही. आयव्हरमेक्टिनचा जिवाणू जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळ सापडला. ही यादी लांबवता येईल. मला थांबायचं आहे ते पिंपरीत.

तिथल्या हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स या औषधकंपनीची स्थापना १९५४ सालची. पंचक्रोशीत तिला आजही ‘एच.ए.’ म्हणतात. पेनिसिलिन निघू लागलं, पुढे साठच्या दशकात मर्क कंपनीच्या तंत्रज्ञानावर स्ट्रेप्टोमायसिनही. पण परदेशी तंत्रज्ञानावर औषध बनवणं हे काम वेगळं आणि आपल्या मातीत नवं औषध शोधणं वेगळं. हे दुसरं काम एम. जे. तिरुमलाचार यांनी केलं. ते मूळचे म्हैसूरचे आणि बुरशीशास्त्रातले दबदबा असलेले अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून एक नवा स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यातून निघालेल्या बुरशीनाशक औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हटलं. वर्ष १९६१. भारतात शोधलेलं हे पहिलं ॲन्टिबायोटिक मानलं जातं. शोध प्रसिद्ध झाला तोही कंपनीच्याच पत्रिकेत. ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पोटातून घेतल्यावर शरीरात फारसं पोचत नाही. तरी अमेरिकेत शरीरात खोल गेलेल्या बुरशीरोगांवर त्याच्या चाचण्या झाल्या. तिरुमलाचार यांच्याच गटानं १९६४च्या सुमारास पिकांच्या बुरशीवर ऑरिओफंगिन आणलं. एका गावाचं नाव जिवाणूच्या शास्त्रीय नावात आहे, तो जिवाणू त्या गावच्या मातीतला आहे, आणि पिंपरीत हे माहीत असलेला माणूस शोधावा लागतो. तिरुमलाचार यांच्यावर कुणी दावा लावला नाही, त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. त्यांना नुसतं विसरलं गेलं. शात्झला निदान भांडण्यामुळे चरित्रकार मिळाले.

एच.ए.चं एक उत्पादन मात्र महाराष्ट्रातला प्रत्येक फळबागायतदार ओळखतो. स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबावर तेल्या रोग आला की फवारणीच्या टाकीत ही पुडी पडायचीच. मातीतून काढलेलं औषध टनांनी पुन्हा शेतात गेलं. मातीत प्रतिकाराची जनुकं मुळात असतातच. कॅनडातल्या युकॉनमधल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या जमिनीतही ती सापडली आहेत. आपण फवारणी करतो तेव्हा त्याच जनुकांना निवडून पुढे आणतो, आणि त्यातली काही माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोचू शकतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१मध्ये मसुदा आदेश काढून या मिश्रणाचा शेतीतला वापर २०२४पासून बंद करण्याचं प्रस्तावित केलं. माझं मत स्पष्ट आहे. क्षयावरचं औषध डाळिंबावर मारू नये. पण तेल्यानं बाग गेलेल्या बागायतदाराला दुसरा उपाय हातात दिल्याशिवाय नुसता आदेश काढून भागणार नाही, आणि त्या उपायासाठीही पुन्हा मातीतच शोधावं लागेल. मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. बॉस्टनच्या एका गटानं ते मातीतच पुरलेल्या बारीक जाळीच्या कप्प्यांत वाढवले, आणि २०१५ साली मेन राज्यातल्या गवताळ मातीतून टेक्सोबॅक्टिन हे नवं ॲन्टिबायोटिक जाहीर केलं. पिंपरी-चिंचवडमध्ये असा शोध घ्यायचा तर आधी सिमेंट नसलेली जमीन लागेल.

एच.ए. कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योग ठरली. २०१६ साली तिची शिल्लक जमीन विकायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. साठच्या दशकात तिथल्या प्रयोगशाळेत राबलेल्या माणसांपैकी अनेक जण आता नाहीत. त्यांची घरं मात्र पिंपरी-चिंचवड, खडकी, पुणे या भागांत आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंकाही. शात्झला न्याय मिळाला तो एका वहीमुळे. तुमच्या घरी वडिलांची, आजोबांची अशी एखादी प्रयोगवही असेल, मातीच्या नमुन्यांची नोंद असेल, ‘हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स बुलेटिन’चे जुने अंक असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या, आणि देताना वहीवर नाव कुणाचं, ते ठळक लिहून द्या.