पेशीतल्या भेटीगाठी आणि चेतापेशीची वाढ

चेतापेशीची काया डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान असते, पण तिचा अक्षतंतू माणसाच्या कण्यापासून पावलापर्यंत, जवळजवळ एक मीटर जाऊ शकतो. तो लांबत असताना टोकाला नवे पटल सतत लागते. ते पोचवण्याच्या कामात पेशीअंगकांच्या भेटीगाठींचा मोठा वाटा आहे.

या भेटी घडवते मुख्यतः आंतरद्रव्यजालिका. तिचे धागे तंतूच्या टोकापर्यंत पसरलेले असतात आणि ती इतर अंगकांपासून साधारण 10 ते 30 नॅनोमीटरवर येते. पटले एकजीव होत नाहीत. प्रथिने त्यांना जवळ धरून ठेवतात आणि मेद व कॅल्शियमची देवघेव होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे 1950च्या दशकातच दिसले होते; त्याचे महत्त्व मात्र फार उशिरा कळले.

जपानच्या क्यूशू विद्यापीठातील शिराने आणि नाकायामा यांनी 2006 मध्ये प्रोट्रूडिन या प्रथिनाचे काम दाखवले: ते कमी केले की चेतापेशीला फुटवे नीट येत नाहीत. कारण उलगडले 2015 मध्ये, ऑस्लोत. जालिकेवरचे प्रोट्रूडिन एंडोसोम नावाच्या पिशवीला धरते आणि स्वतःजवळचे कायनेसिन हे वाहक प्रथिन तिच्या हवाली करते. बैल गाडीला जुंपावा, तसेच हे. मग पिशवी सूक्ष्मनलिकांवरून टोकाकडे निघते, पेशीपटलात मिसळते आणि पटल वाढते. एका भेटीत भागत नाही. हे जुंपणे पुनःपुन्हा होते.

जालिकेच्या तंतुकणिकांशी होणाऱ्या भेटींतून त्यांना कॅल्शियम मिळते आणि ऊर्जानिर्मितीला चालना मिळते. त्या तंतुकणिका तंतूभर कशा विखुरतात, हाही प्रश्न तितकाच मोलाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या गटाला सी. एलिगन्स या कृमीत आढळले की, स्पर्श ओळखणारी चेतापेशी वाढत गेली तरी तंतुकणिकांची घनता कायम राहते.

जालिकेचा आकार घडवणाऱ्या स्पास्टिन, अॅटलास्टिन या प्रथिनांशीही प्रोट्रूडिन जोडले जाते. त्यांच्या जनुकांतील दोषांनी पाय ताठ व अशक्त करणारा आनुवंशिक विकार होतो. त्याची झळ सर्वांत लांब तंतूंना आधी बसते.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांच्या दुखावलेल्या दृष्टिचेतेत विषाणूमार्फत प्रोट्रूडिन वाढवले, तेव्हा तंतू पुन्हा वाढले. जालिकेशी त्याचे नाते तोडल्यावर मात्र हा परिणाम दिसला नाही. माणसांवरचा उपचार अजून यातून उभा राहिलेला नाही.