अस्थिमज्जादान : भीती आणि वस्तुस्थिती

लोंढा हे खानापूर तालुक्यातील रेल्वे जंक्शन. येथून एक मार्ग गोव्याकडे, दुसरा हुबळीकडे व तिसरा बेळगाव-मिरजेवरून पुण्याकडे जातो. रक्ताचा कर्करोग, थॅलसेमिया यांसारख्या रोगांवरील विशेष उपचारांसाठी अशा गावांतील रुग्णांना मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तेथे 'भावाची किंवा बहिणीची अस्थिमज्जा लागेल' असे डॉक्टरांनी सांगताच कुटुंबीय धास्तावतात. या भीतीचे एक कारण शब्दसाधर्म्य हे होय.

अस्थिमज्जा व मज्जारज्जू या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून जातो. त्याला इजा झाल्यास अपंगत्व येऊ शकते. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गर. त्यातील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका तयार होतात. दात्याची मज्जा कण्यातून नव्हे, तर कमरेच्या हाडाच्या मागील कडेतून काढण्यात येते.

रूढ पद्धतीत दात्यास भूल देऊन पोकळ सुई हाडात अनेकदा टोचली जाते व दर वेळी थोडी मज्जा ओढून घेतली जाते. दात्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे साधारणतः १० ते २० मिलिलिटर मज्जा घेतात. कंबर काही दिवस दुखते. मज्जा मात्र काही आठवड्यांत भरून येते.

हा त्रास कमी व्हावा म्हणून नवी उपकरणे योजण्यात आली. अमेरिकेतील डॉ. डॅनियल क्राफ्ट यांच्या 'मॅरोमायनर' या उपकरणात विजेवर चालणारी लवचीक नळी एकाच छिद्रातून हाडाच्या पोकळीत शिरते, आत वळत फिरते व मज्जा ओढून घेते. अनेकदा टोचणे टळावे आणि केवळ तेवढा भाग बधिर करून काम व्हावे, हा त्यामागील हेतू. दुसऱ्या व आज अधिक प्रचलित पद्धतीत हाडास छिद्र पाडावेच लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात आणतात व यंत्राद्वारे वेगळ्या करतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर अस्थिमज्जारोपण केले. तिला मज्जा दिली ती तिच्या भावाने. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. म्हणूनच जुळणारे भावंड मिळणे मोलाचे ठरते.

मज्जा दिल्याने विवाह, अपत्यप्राप्ती वा कष्टाची कामे यांत कायमची बाधा येते, ही समजूत निराधार आहे. दान ऐच्छिक असून दात्याची आधी संपूर्ण तपासणी होते. तथापि एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रोपणापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतल्यास रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. यास्तव सर्व शंकांचे निरसन आधीच झाले पाहिजे. शिक्षक व आरोग्यसेवकांनी या दोन शब्दांतील भेद गावोगावी समजावून दिल्यास ही भीती पुष्कळ अंशी दूर होईल.