यंत्रमानवाच्या शास्त्रात पगारी पीएच.डी. : कारागिरांच्या मुलांनी इकडेही पाहावे

मुलगा इंजिनीअर झाला की आपल्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात. दुकानात बसणार की गल्फला जाणार? तिसरी एक वाट आहे, पण ती आपल्या व्यापारी व कारागीर घराण्यांत क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते. स्वतः निर्णय घेऊन काम करणारे यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांत संशोधन करून पीएच.डी. मिळविणे, ही ती वाट. पीएच.डी. म्हटले की लोकांना कॉलेजातील प्राध्यापकी आठवते आणि वर्षानुवर्षे फी भरत राहण्याची धास्ती वाटते. या विषयापुरते तरी हे चित्र खरे नाही. चांगल्या संस्थांत संशोधक विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळते आणि थोडीफार फी असलीच तर ती त्यातूनच सुटते. घरातून पैसा घालावा लागत नाही. व्याजाचे कर्ज काढण्याचाही प्रश्न येत नाही.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हा विषय समजावून द्यायला फार लांब जायला नको. साधा यंत्रमाग ताण्याचे सूत तुटले तरी धावतच राहतो, कापड बिघडते आणि माग चालविणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. जपानमधील साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने १९२४ साली असा माग पुरा केला की सूत तुटताच तो आपोआप थांबे आणि कांडी संपत आली की न थांबता धोटा बदलून घेई. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. याच घराण्याने पुढे मोटारी काढल्या. टोयोटा म्हणतात ती हीच. मागाला 'थांब' एवढे कळले, ही पहिली पायरी झाली. सूत का तुटले ते पाहणे, त्याप्रमाणे हात चालविणे आणि उद्या निराळ्या सुतावरही तेच काम न शिकविता जमविणे, ही पुढची पायरी. ती चढण्याच्या शास्त्राला स्वायत्त रोबोटिक्स म्हणतात.

कारखान्यातला पोलादी हात आता जुना झाला. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यंत्रमानव तापलेले ओतीव भाग उचलण्याच्या कामाला लागला होता. पण वस्तू ठरल्या जागी ठरल्या आकाराची असली तरच त्याचे काम चाले. कापड, कातडे, सुतळी अशा मऊ वस्तूंपुढे त्याची मती कुंठित होते. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी एका यंत्रमानवाकडून टॉवेलांच्या घड्या करून घेतल्या. पन्नासच्या पन्नास टॉवेल त्याने व्यवस्थित घडी केले, मात्र एका टॉवेलला सरासरी २४ मिनिटांहून जास्त वेळ लागला! आपल्या कापड दुकानातला गडी तेवढ्या वेळात अख्खा गठ्ठा रचून चहा पिऊन येतो. त्यानंतर वेग पुष्कळ वाढला आहे. तरीसुद्धा मऊ कापड हाती धरून, त्याचा ताण ओळखून शिवणे हा या शास्त्रातला आजही अवघड प्रश्न आहे.

आम्हाला नेमके येथेच थांबायचे आहे. जरीकाम करणारा, चामड्याच्या बॅगा शिवणारा, पितळेवर नक्षी कोरणारा कारागीर बोटांच्या टोकांनी जे ओळखतो, ते यंत्राला कसे शिकवावे यावर मोठमोठ्या प्रयोगशाळा पैसा खर्च करीत आहेत. ज्या मुलाने लहानपणापासून बापाचा हात चालताना पाहिला आहे, त्याला हा प्रश्न पुस्तक वाचून समजावून घ्यावा लागत नाही. अर्थात नुसते पाहून भागत नाही. रेषीय बीजगणित, संभाव्यता, कलनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्के असावे लागते. आपली मुले मार खातात ती बहुधा येथेच.

आणखी एक गोष्ट व्यापारी म्हणून लक्षात घ्यावी. मिलवाल्यांनी टाकलेले जुने माग आपण विकत घेतले आणि त्यावर संसार उभे केले. पण यंत्र घडविणारे आणि त्यात बदल करणारे कायम दुसरेच राहिले. नवी यंत्रे आपल्या धंद्यांत येणारच आहेत. त्या वेळी आपण पुन्हा फक्त गिऱ्हाईक असणार का, हा खरा सवाल आहे. आमच्या सभांतून अल-जझरी आणि त्याच्या १२०६ सालच्या यंत्रग्रंथाचा उल्लेख झाला की टाळ्या पडतात. पण पीएच.डी.चा अर्ज केव्हा निघतो हे सांगणारा त्या सभेत सहसा कोणी नसतो.

आता पैशाचे बोलू. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच वर्षापासून थांबली. हा निर्णय आम्हाला मुळीच पटलेला नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की आता आपल्यासाठी सगळेच दरवाजे बंद झाले, असे पुष्कळ घरांत धरून चालतात. तसे नाही. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे प्रवेश मिळालेल्या संशोधकाला मिळणाऱ्या विद्यावेतनाचा धर्माशी वा त्या बंद योजनेशी काही संबंध नाही. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने हे दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये असे केले आहेत. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती याहून मोठी; ती ७०,००० रुपयांपासून ठरविण्यात आली होती आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा दहा हजार अधिछात्रवृत्त्या देण्याची घोषणा झाली. या अर्थातच फार हुशार मुलांना मिळतात.

मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी इत्यादी जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, हे किती पालकांना ठाऊक आहे? अशा मुलांना राज्याची 'महाज्योती' ही २०१९ साली स्थापन झालेली संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देत आली आहे. एका वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत. केंद्रीय संस्थांत प्रवेशासाठी ओबीसी आरक्षणही आहे, मात्र केंद्राची यादी आणि नॉन-क्रिमी लेयर दाखल्याचा केंद्राचा नमुना वेगळा असतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले ऐन वेळी अडतात.

वाटेची सुरुवात दहावीनंतरच्या डिप्लोमापासूनही होऊ शकते. डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग आणि त्यानंतर गेट परीक्षा, असा हा रस्ता आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी गेटला बसू शकतो, मुलींना परीक्षा फी निम्मी असते आणि निकाल तीन वर्षे चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपरही आला आहे. पवईच्या आयआयटीत संगणक, यांत्रिकी तसेच सिस्टिम्स अँड कंट्रोल या विभागांतून हे संशोधन चालते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत रोबोटिक्सचे स्वतंत्र केंद्र आहे. एम.टेक. करून जाणे हा राजमार्ग, पण गुण उत्तम असतील तर बी.ई.नंतर थेट प्रवेशही मिळतो.

कोकणातल्या आमच्या वाचकांचे गल्फशी जुने नाते आहे. अबू धाबीत मोहम्मद बिन झायद कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे पहिली तुकडी जानेवारी २०२१ मध्ये बसली आणि २०२३ साली रोबोटिक्सचा विभाग सुरू झाला. प्रवेश मिळालेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना तेथे पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची पद्धत आहे. सौदी अरबस्तानात जिद्द्याच्या उत्तरेला थुवल येथे २००९ साली सुरू झालेल्या राजे अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातही फी माफ असून वर विद्यावेतन मिळते. शिक्षण दोन्हीकडे इंग्रजीत. मजुरीच्या व्हिसावर ज्या देशांत आपली माणसे चाळीस-पन्नास वर्षे गेली, तेथेच आता संशोधक म्हणूनही जाता येते.

जर्मनीत संशोधक हा बहुधा विद्यापीठाचा नोकर असतो. पूर्ण पद मिळाले तर कर व विमा कापण्यापूर्वी महिना ४,००० युरोंहून जास्त पगार असतो, पण पुष्कळदा पद अर्धे वा पाऊण मिळते. श्टुटगार्ट आणि ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेचा या विषयाचा डॉक्टरेट कार्यक्रम २०१७ पासून चालतो. तेथे आधी मास्टर्स असणे बरे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९७९ साली रोबोटिक्सची संस्था काढली. तिचे पहिले संचालक राज रेड्डी आंध्रातील कातूर या खेड्यातले आणि मद्रासच्या गिंडी कॉलेजचे इंजिनीअर. तेथील दोन संशोधकांनी १९९५ साली पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंत मोटार नेली. बहुतेक सर्व वाट स्टीअरिंग संगणकाने फिरविले, वेग आणि ब्रेक तेवढे माणसाच्या पायात होते.

हे सारे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. पाच-सहा वर्षे जातात, काहींचे काम अर्धवटच राहते आणि सॉफ्टवेअर कंपनीत गेलेला मित्र तोवर दुप्पट-तिप्पट कमावू लागतो. मार्गदर्शक कसा आहे यावर निम्मे यश अवलंबून असते. म्हणून त्याच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये. आणि पैसे घेऊन घरबसल्या पीएच.डी. मिळवून देणारे एजंट भेटले तर त्यांना चहासुद्धा पाजू नये. खऱ्या संस्थेत अर्जाची किरकोळ फी सोडली तर मधल्या माणसाला द्यायचे काही नसते.

तयारीला खर्च कमी आहे. यंत्रमानवाचे आरओएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. मोटरी, सेन्सर, आर्डुइनोचे बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' स्पर्धेत कॉलेजच्या मुलांनी संघ करून उतरावे. भायखळ्याचे साबू सिद्दीक, नवीन पनवेलचे काळसेकर आणि मालेगावच्या मन्सुऱ्याचे इंजिनीअरिंग कॉलेज येथील मुलांना हे सहज शक्य आहे. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरात बंद होतात. जातीच्या दाखल्याला व पडताळणीला महिने लागतात, तेव्हा तेवढे कागद तरी पालकांनी आत्तापासून काढायला घ्यावेत.