उत्तराभिमुख खिडकीतील मळा
घरच्या घरी एलईडी दिव्यांची पट्टी तयार करताना सामग्री कशी निवडावी?

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत होय. पूर्वी विनय नगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीला पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. बैठी किंवा एकदोन मजल्यांची घरे आणि कडुनिंब-जांभळाची दाट सावली हे तिचे वैशिष्ट्य होते. नवी दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीत तिचाही समावेश झाला. झाडे तोडण्याविरुद्ध जून 2018 मध्ये रहिवासी रस्त्यावर आले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा नव्या उंच इमारतींत घर मिळालेल्या कुटुंबाला सोयी अधिक लाभतात. परंतु मेथी-कोथिंबिरीचा वाफा करावयास अंगण उरत नाही.

डिसेंबरात दिल्लीचा दिवस साधारण सव्वादहा तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून अवघा 38 अंश वर येतो. त्यातच धूर आणि धुके यांचे आवरण असते. ज्या सदनिकेची खिडकी उत्तरेकडे आहे, तिथे तर हिवाळाभर ऊन येतच नाही. अशा घरातील तुळस कोमेजते आणि कोथिंबिरीची रोपे लांबट, फिकट होऊन आडवी पडतात. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीतील गृहिणींनाही हा अनुभव नवा नाही. याला कृत्रिम प्रकाश हा एक उपाय आहे. तथापि त्याची सामग्री विचारपूर्वक न निवडल्यास पैसा वाया जातो आणि विजेचा धोका मात्र घरात येतो.

रोपाला कोणता प्रकाश लागतो?

वनस्पती मुख्यतः 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आपले अन्न तयार करतात. पानांतील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश विशेष शोषून घेते. यामुळे बाजारात जांभळट प्रकाशाचे दिवे ‘रोपांचे खास दिवे’ म्हणून विकले जातात. वस्तुतः हिरवा प्रकाशही पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोहोचून उपयोगी पडतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की कीड लागली, हे डोळ्यांना कळत नाही.

तांबडा एलईडी 1962 मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी मात्र 1990 चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातील पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप दिलेला दिवा होय. त्यात निळा, हिरवा, तांबडा हे तिन्ही अंश असल्याने पालेभाजीला तो पुरेसा होतो. हवे असल्यास सात पांढऱ्यांमागे 660 नॅनोमीटरचे तीन तांबडे एलईडी घ्यावेत.

किती वॅट?

दोन फूट लांब व एक फूट रुंद अशी एक फळी धरू. पालेभाजीला तिच्यावर सुमारे 12 ते 15 हजार लक्स इतका पांढरा प्रकाश पडावा. दिवाणखान्यातील नेहमीचा उजेड बहुधा 100 ते 300 लक्स असतो, हे लक्षात घेतले म्हणजे एखादा शोभेचा दिवा का पुरत नाही ते समजेल. या फळीसाठी प्रत्यक्षात 30 ते 40 वॅट लागतात. दिवा रोज बारा तास लावल्यास महिन्याला सुमारे 11 ते 14 युनिट वीज खर्च होईल. आपल्या गावच्या दराने त्याला गुणावे आणि मगच खरेदीस निघावे. मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना आणि मोहरीची कोवळी रोपे यांना हा खर्च परवडू शकतो. टोमॅटो किंवा मिरचीला याहून पुष्कळ अधिक प्रकाश लागतो. त्यांचा हट्ट धरू नये.

सामग्रीची पारख

*एलईडी आणि ड्रायव्हर* यांची जोडी जमणे सर्वांत महत्त्वाचे. पांढऱ्या एलईडीवर साधारण 3 व्होल्ट, तर तांबड्यावर सुमारे 2 व्होल्ट दाब लागतो. एक वॅटचे दहा पांढरे एलईडी एका माळेत जोडले की एकूण दाब 30 व्होल्टच्या आसपास होतो. ज्या ड्रायव्हरवर 300 मिलिअँपिअर व 24 ते 40 व्होल्ट असे छापलेले असेल, तो या माळेस योग्य. अशा तीन माळा, प्रत्येकीस स्वतंत्र ड्रायव्हर देऊन, एका फळीवर बसवाव्यात. एकाच ड्रायव्हरवर तिन्ही माळा समांतर जोडल्यास प्रवाह सारखा वाटला जात नाही आणि एक माळ लवकर जळते.

स्वस्त ड्रायव्हरपैकी काहींत घरातील 230 व्होल्टचा पुरवठा व एलईडीची बाजू यांत विलगीकरण नसते. अशा पट्टीला ओल्या हाताने स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. म्हणून ‘आयसोलेटेड’ असे स्पष्ट लिहिलेला आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेलाच ड्रायव्हर मागून घ्यावा.

*हीटसिंक* म्हणजे उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पन्हळ. एलईडीला दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जातो, आणि दिल्लीच्या मे-जूनमध्ये भोवतालची हवाही मदतीला येत नाही. एलईडीच्या पाठीला उष्णतावाहक लेप लावून ती पत्र्यावर घट्ट बसवावी. तासभर दिवे लावून वीज बंद करावी आणि पत्र्यावर हात ठेवावा; पाच सेकंदही हात टिकत नसेल तर पत्रा अपुरा आहे, असे समजावे.

*टायमर, फ्यूज आणि अर्थिंग* यांत काटकसर करू नये. पालकाला दिवस फार लांब मिळाला तर तुरे येतात. म्हणून बारा तासांनी दिवे बंद करणारा टायमर हवा. पत्र्याला अर्थिंग जोडावे, ड्रायव्हर कुंड्यांच्या वर कोरड्या जागी ठेवावा आणि पाणी घालण्यापूर्वी प्लग काढावा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला असल्यास उत्तम.

ही सामग्री दिल्लीत चांदणी चौकाजवळील भगीरथ पॅलेस व लजपतराय मार्केट येथे, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळते.

झाळकाम येत नसेल तर

ज्या घरात सोल्डरिंग आणि मीटरने तपासणी करणारे कोणी नाही, तेथे हा उद्योग मुलांच्या हाती देऊ नये. नामांकित कारखान्याच्या दोन फुटी, 10 वॅटच्या चार तयार पांढऱ्या पट्ट्या फळीखाली लावल्या तरी तेच काम साधते. थोडी वीज अधिक लागेल. पण सुरक्षिततेची जबाबदारी जाणत्या हातांकडे राहील.

दिवे रोपांच्या वर 15 ते 30 सेंटिमीटर ठेवावेत. रोपे उंच, बारीक होऊ लागली तर दिवा जवळ आणावा. पाने करपली तर दूर न्यावा. आणि दक्षिणेकडील खिडकीत थोडेसेही ऊन येत असेल, तर पहिली कुंडी तिथेच मांडावी. सूर्याचा प्रकाश विनामूल्य आहे. उणीव असेल तेवढीच दिव्याने भरून काढावी, यातच गृहस्थाश्रमाचा शहाणपणा आहे.